घडून गेलेल्याचे नाव

आजच्या मराठी बोलण्यात ‘वीअर्ड’ हा इंग्रजी शब्द सर्रास येतो. कुणाचे वागणे चमत्कारिक वाटले, एखादा सिनेमा भलत्याच वळणाने संपला, की तरुण मंडळी ‘जरा वीअर्डच आहे’ म्हणून मोकळी होतात. हाच शब्द हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषण नव्हता, नाम होते. तो ‘व्युर्द’ असा काहीसा उच्चारला जाई आणि त्याचा अर्थ होता दैव, भवितव्य, घडणारे किंवा घडलेले. दैवासारखा भारदस्त शब्द घसरत ‘विचित्र’ या अर्थापर्यंत आला, ही गंमत कोणत्याही कोशात सापडेल. मला तिच्यापेक्षा त्या शब्दामागचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. दैव हे कुणीतरी आधी लिहून ठेवलेले असते, की घडून गेलेल्या गोष्टीला आपण मागाहून दिलेले ते नाव असते? जुन्या इंग्रजीतल्या लेखकांनी या एका शब्दाशी जी झटापट केली, ती पाहता दुसरे उत्तर खरे ठरते, आणि देव मानणाऱ्यालाही ते मान्य करता येते, असे माझे म्हणणे आहे.

दैवासाठी असलेला प्रत्येक शब्द आपल्या पोटात एक सिद्धांत घेऊन येतो. लॅटिनमधला ‘फातुम’ हा ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूपासून आला. इंग्रजीतला ‘फेट’ त्याचाच वंशज. म्हणजे दैव हे कुणाचे तरी उच्चारलेले वचन, आणि उच्चार आला की उच्चारणारा आलाच. ग्रीकांचा ‘मोइरा’ म्हणजे वाटा. आपले ‘भाग्य’ही वाट्याचेच, कारण ते ‘भज्’, म्हणजे वाटून देणे, या धातूचे. अरबीतून आलेल्या ‘नशीब’ आणि ‘किस्मत’ या शब्दांतही मूळ कल्पना हिस्सा आणि वाटणी हीच आहे. या साऱ्यांत कुठेतरी एक वाढपी गृहीत धरलेला आहे, मग तो पंक्तिप्रपंच करणारा असो वा नसो. ‘नियती’त नियमन करणारा आहे, ‘दैवा’त तर देव उघडच बसलेला आहे, आणि ‘प्रारब्धा’त आपणच पूर्वी सुरू करून ठेवलेले काहीतरी आहे. ‘व्युर्द’ या रांगेत बसत नाही. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘वेओर्थान’ या क्रियापदाचा सोयरा आणि त्या क्रियापदाचा अर्थ ‘होणे’, ‘बनणे’. जर्मनमध्ये ते ‘वेर्डेन’ या रूपात आजही रोज वापरले जाते. ‘व्युर्द’मध्ये बोलणारा, वाटणारा किंवा लिहिणारा कुणीच नाही, केवळ होणे आहे. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा शब्द म्हणजे ‘भवितव्य’. पण भवितव्याची नजर पुढे लागलेली असते, तर ‘व्युर्द’ची बहुतेक वेळा मागे.

या क्रियापदाच्या मुळाशी आणखी खोल गेले, की मराठी वाचकाला ओळखीचा पत्ता लागतो. भाषाशास्त्राप्रमाणे ‘वेओर्थान’, लॅटिनमधला ‘वेर्तेरे’ म्हणजे वळवणे, आणि संस्कृतमधला ‘वृत्’ हा धातू एकाच घराण्यातले. ‘वृत्’ म्हणजे वळणे, फिरणे आणि त्यातूनच असणे, घडणे. आपले वर्तन, वर्तुळ, वृत्ती, आवर्तन हे सगळे त्याच गोत्राचे. आपण चालतो ती वाट आणि समईतली वळलेली वात हे याच धातूचे झिजून घरगुती झालेले शब्द आहेत. ‘वाटोळे’ हा शब्द ‘वर्तुल’पासून आलेला, सर्वनाश झाला की ‘वाटोळे झाले’ म्हणताना आपण नकळत त्याच चाकाला हात लावतो. ‘दिवस फिरले’, ‘ग्रह फिरले’, ‘दैव फिरले’ हे वाक्प्रचारही दैवाला फिरतेच समजतात. आणि ‘वृत्त’ म्हणजे काय? जे घडले ते, आणि घडले त्याची बातमी. जुन्या इंग्रजीतही ‘व्युर्द’चा एक साधा, रोजचा अर्थ ‘घटना’ असाच होता आणि त्याचे अनेकवचन ‘घडामोडी’ या अर्थाने येई. ज्याला आपण ‘वर्तमानपत्र’ किंवा ‘वृत्तपत्र’ म्हणतो, त्याच्या नावात ‘व्युर्द’चा चुलतभाऊ रोज सकाळी दाराशी येऊन पडतो.

यावर पहिला आक्षेप भाषेच्या अभ्यासकाचा असेल, आणि तो रास्त आहे. शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. ‘कुशल’ शब्दाची व्युत्पत्ती परंपरा कुश नावाच्या गवतापाशी नेते, म्हणून कुशल कारागिराला कुणी गवत आणायला पाठवत नाही. बोलणाऱ्याच्या मनात मूळ जिवंत होते असे सिद्ध करायचे, तर वापर पाहायला हवा. तो पाहू. जुन्या इंग्रजीतले सर्वांत मोठे वीरकाव्य ‘बेओवुल्फ’. ३,१८२ ओळींचे हे काव्य इसवी सन १००० च्या आसपासच्या एकाच हस्तलिखितात टिकले आहे. त्यात नायक समुद्रातल्या राक्षसांशी झालेल्या झुंजीची हकीकत सांगतो आणि म्हणतो, की ज्याची घटका भरलेली नाही अशा वीराला ‘व्युर्द’ पुष्कळदा वाचवते, मात्र त्याचे धैर्य टिकले तर. यातला ‘पुष्कळदा’ आणि ‘टिकले तर’ यांच्याकडे नीट पाहावे. सर्व काही आधीच ठरलेले असेल, तर हे दोन्ही शब्द निरर्थक आहेत. पुढे ग्रेंडेल या राक्षसाच्या कत्तलीविषयी कवी सांगतो, की त्याने आणखी माणसे मारली असती, पण ज्ञानी देव आणि त्या पुरुषाचे धैर्य ‘व्युर्द’च्या आड आले. दैवाला अडवता येते, आणि अडवणाऱ्यांत देवाच्या जोडीने माणूसही आहे! अटळ फर्मानाविषयी असे कुणी बोलत नाही. घटनांच्या ओघाविषयी, पुराच्या लोंढ्याविषयी मात्र आपण असे बोलतो.

याहून थेट पुरावा ‘सॉलोमन आणि सॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संवादकाव्यात आहे. एका बाजूला बायबलमधला शहाणा राजा, दुसऱ्या बाजूला पूर्वेकडचा एक बिगरख्रिस्ती विद्वान, अशी ती जुगलबंदी. दोघांचे वितुष्ट नसते. सॅटर्नला उत्तरे खरोखरच हवी असतात. ‘व्युर्द’ बलवान की सावधगिरी, हा विषय निघतो, तेव्हा सॉलोमन ‘व्युर्द’ची ताकद नाकारत नाही. ती वळवणे कठीण, ती वारंवार उसळते, हे तो मान्य करतो. पण लगेच जोडतो, की शहाणा मनुष्य जागरूक राहिला, त्याने मित्रांचे साहाय्य घेतले आणि पवित्र आत्म्याचा आधार धरला, तर तो प्रत्येक आघात सौम्य करू शकतो. येथे वापरलेले क्रियापद ‘आटोक्यात आणणे’, ‘मापात ठेवणे’ अशा अर्थाचे आहे. उपायांची यादीही मोठी समंजस आहे. स्वतःची बुद्धी, चार जिवलग आणि देव. यांत मंत्र नाही, तोडगा नाही, शांत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इसवी सन ७०० च्या सुमाराच्या एपिनाल येथील शब्दसंग्रहात ‘व्युर्द’चे अनेकवचन रोमन पुराणांतल्या पार्के या तीन दैवदेवतांसाठी दिलेले आहे. उत्तरेकडच्या नॉर्स पुराणकथांत उर्द नावाची एक नोर्न, म्हणजे दैवदेवता, आहे आणि तिचे नाव म्हणजे हाच शब्द. मग ‘व्युर्द’ ही मुळात आयुष्याचा धागा कातणारी देवी होती, ख्रिस्ती भिक्षूंनी तिचे दात काढून तिला सामान्य नाम बनवले, असे का म्हणू नये? एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन पंडितांना हे फार पटत असे. जुन्या इंग्रजी काव्यात जागोजागी ख्रिस्तपूर्व धर्माचे अवशेष शोधण्याची तेव्हा साथच आली होती. एरिक स्टॅन्ली या अभ्यासकाने १९६० च्या दशकात या शोधाचा इतिहासच लिहून दाखवला, की सापडले त्यापेक्षा शोधणाऱ्यांनी सोबत आणलेले जास्त होते. शब्दसंग्रहाचे उत्तर सोपे आहे. तो लिहिणाऱ्यापुढे एक लॅटिन शब्द होता आणि त्याला आपल्या भाषेतला जवळचा प्रतिशब्द हवा होता. ‘एंजल’साठी ‘देवदूत’ लिहिणारा मराठी भाषांतरकार देवदूतांचा संप्रदाय सिद्ध करत नसतो. आणि नोर्नांचे म्हणाल, तर त्यांची नावे माझ्याच बाजूने साक्ष देतात. तीन नोर्नांपैकी उर्द ही ‘होणे’ या क्रियापदाच्या भूतकाळी रूपाशी जुळते, वेर्दांदी हे त्याच क्रियापदाचे वर्तमान धातुसाधित, म्हणजे ‘वर्तमान’ या आपल्या शब्दाचे अगदी जवळचे नातलग, आणि तिसरी स्कुल्द ‘देणे लागणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आलेली. झालेले, होत असलेले आणि फेडायचे बाकी असलेले. देवी झाल्या तरी त्या क्रियापदांच्याच देवी राहिल्या.

पण खरा पेच पुराणकथेचा नाही, धर्मशास्त्राचा आहे. ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने जगाचा कारभार देव चालवतो. मग हे बिनमालकीचे ‘होणे’ त्या कारभारात कुठे बसवायचे? हा प्रश्न सोडवण्याची संधी एका भाषांतराने आणली. बोएथिअस हा रोमन विद्वान इसवी सन ५२४ च्या सुमारास, राजा थिओडोरिकच्या कैदेत मृत्यूची वाट पाहत असताना, ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ हा ग्रंथ लिहीत होता. दुर्जन सुखी आणि सज्जन तुरुंगात, हे देवाच्या राज्यात कसे, हा त्याचा सवाल. या ग्रंथाचे जुन्या इंग्रजीतले रूपांतर परंपरेने वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्या नावावर आहे. ते त्याचेच आहे की त्याच्या आश्रयाखालच्या वा नंतरच्या कुणाचे, यावर आज वाद आहे. पण आल्फ्रेडच्या आयुष्याशी ते शोभते खरे. ८७८ साली डेन लोकांच्या अचानक हल्ल्याने त्याला राज्य सोडून सॉमरसेटच्या दलदलीत लपावे लागले होते आणि त्याच वर्षी एडिंग्टनच्या लढाईत त्याने ते परत मिळवले. बोएथिअसच्या लॅटिनमधल्या ‘फातुम’साठी भाषांतरकाराने ‘व्युर्द’ हा शब्द घेतला आणि त्याला एक व्याख्या दिली. कारागीर वस्तू घडवण्यापूर्वी ती मनात आखतो, तसे देवाच्या मनात जोवर काही असते, तोवर त्याला देवाचा पूर्वविचार म्हणावे. ते घडून पुरे झाले की मग आपण त्याला ‘व्युर्द’ म्हणतो. ही व्याख्या साधी दिसते, पण तिने फार मोठे काम केले आहे. दैव ही आता देवाच्या बरोबरीची किंवा त्याच्या वरची सत्ता उरत नाही. ते त्याचेच काम, फक्त पूर्ण झाल्यानंतरचे आणि आपल्या बाजूने पाहिलेले.

पुढे तर भाषांतरकाराने मूळ लेखकाला बाजूला सारून स्वतःची गाडीच जुंपली आहे. बोएथिअसने एका मध्यबिंदूभोवतीच्या वर्तुळांची भूमितीतली उपमा दिली होती. इंग्रजी रूपांतरात तिथे गाडीचे चाक येते. आस स्थिर असतो, पण साऱ्या गाडीचा भार तोच वाहतो आणि तिची गतीही तोच राखतो. चाक त्याच्याभोवती फिरते. आसाला खेटून असलेला तुंबा सर्वांत स्थिरपणे, निर्धास्त चालतो. आऱ्यांचे एक टोक तुंब्यात आणि दुसरे घेरात रुतलेले. आणि घेराची लाकडे मातीत लोळत, दगडांवर आपटत जातात. देव हा आस. जी माणसे त्याच्या जवळ, ती तुंब्यासारखी. मधली माणसे आऱ्यांसारखी, कधी वरचा विचार करणारी, कधी खालचा. आणि ज्यांचे चित्त पूर्णपणे जगात गुंतले, ती घेरासारखी हेलकावे खाणारी. घेर मातीत असला तरी तोही आऱ्यांच्या आणि तुंब्याच्या आधाराने शेवटी आसालाच धरून असतो, हे सांगायला लेखक विसरत नाही. तुंब्यातल्या आऱ्यांची उपमा उपनिषदांतही आहे, त्यामुळे आपल्याला हे चित्र परके वाटणार नाही. तिथे सर्व काही प्राणात, आत्म्यात प्रतिष्ठित आहे हे दाखवायचे असते. इथे भर धक्क्यांवर आहे. एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या एकाच चाकात कुणाला किती गचके बसतील, हे तो आसापासून किती दूर आहे यावर ठरते. ‘वळणे’ या धातूतून निघालेल्या शब्दाला अखेर चाक भेटले. मूळ अर्थ बोलणाऱ्यांच्या मनातून पुरता गेला नव्हता, याचा याहून बोलका पुरावा मागू नये.

तिसरा आक्षेप त्याच धर्मपरंपरेतून आला. दहाव्या शतकाच्या अखेरीस एल्फ्रिक या भिक्षूने आपल्या प्रवचनात ‘व्युर्द’ ही खोटी समजूत आहे असे ठणकावून सांगितले. ख्रिस्तजन्माच्या वेळी दिसलेला तारा हे ख्रिस्ताचे दैव होते, असे म्हणणाऱ्यांचा तो समाचार घेत होता. त्याचा रोख फलज्योतिषाकडे होता आणि दाखला इसाव आणि याकोब या बायबलमधल्या जुळ्यांचा. एका आईच्या पोटी एकाच वेळी आलेले दोघे, पण स्वभाव आणि आयुष्य निराळे. मग जन्मवेळेच्या ताऱ्याने ठरवले काय? कुंडलीचा प्रश्न आपल्याकडेही याच जुळ्यांच्या दाराने विचारला जातो. वरवर पाहता एल्फ्रिकने शब्दच मोडीत काढला आणि आल्फ्रेडच्या परंपरेशी काडीमोड घेतला. बारकाईने पाहिले, तर तो जे नाकारतो ते वेगळे आहे. जन्मापूर्वीच लिहिलेला, ताऱ्यांतून वाचता येणारा, माणसाच्या चांगल्या-वाईटाला जबाबदारीतून सोडवणारा लेख तो नाकारतो. घडून गेल्यावर दिलेल्या नावावर त्याच्या युक्तिवादाचा ओरखडाही उठत नाही. किंबहुना, दैव पुढे बघून सांगता येते हा दावा त्याने खोडून काढल्यामुळे ‘व्युर्द’ मागे बघूनच म्हणता येते, हे अधिक पक्के होते.

आता सर्वांत अवघड शंका. देवाच्या मनात जर सगळे आधीच आहे, तर ते ठरलेलेच आहे. मग ‘पूर्वविचार’ आणि ‘दैव’ हा नुसता नावांचा खेळ झाला, आणि माणसाच्या धैर्याला, शहाणपणाला जागा उरली कुठे? बोएथिअसने ग्रंथाच्या शेवटच्या भागात याला जे उत्तर दिले, ते मला आजही पुरेसे वाटते. देवाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ नसते. त्याच्यापुढे सारा काळ एकाच वर्तमानात उभा असतो. कुणी रस्त्याने चालताना आपल्याला दिसला, तर आपल्या पाहण्याने तो चालायला बांधला जात नाही. देवाच्या पाहण्यानेही माणूस बांधला जात नाही. हे ज्याला पटत नाही, त्याने निदान एवढे मान्य करावे, की ते पाहणे आपल्याला उपलब्ध नाही. आपण घेरावर आहोत. पूर्वविचार आसापाशी आहे. म्हणून ‘हे असेच व्हायचे आहे’ असे पुढच्याविषयी म्हणणारा मनुष्य नम्र नसतो, तो देवाच्या जागेवर बसलेला असतो. दैववादाला आपण श्रद्धेचे टोक समजतो. खरे तर तो श्रद्धेतला उद्धटपणा आहे.

या शब्दाचे पुढे जे झाले त्यातही हाच धडा आहे. चौदाव्या शतकात कवी चॉसर तो अजून दैव या अर्थाने वापरतो, पण इंग्लंडच्या दक्षिणेत तो लवकरच मावळला आणि स्कॉटलंडमध्ये टिकला. स्कॉटलंडच्या मॅकबेथ राजाला भेटलेल्या तीन स्त्रियांना हॉलिन्शेडच्या बखरीत ‘वीअर्ड भगिनी’, म्हणजे दैवाच्या देवता, म्हटले आहे. तिथून त्या शेक्सपिअरच्या नाटकात आल्या. १६२३ च्या पहिल्या छापील संग्रहात त्या शब्दाचे स्पेलिंगही छापणाऱ्यांना नीट साधलेले नाही; लुइस थिओबाल्ड या संपादकाने पुढे १७३३ मध्ये तो ओळखून दुरुस्त केला. प्रेक्षकांना दिसल्या त्या दाढीवाल्या, भेसूर बाया. शब्दाचा अर्थ त्यांच्या रूपाला चिकटला आणि एकोणिसाव्या शतकातल्या कवींच्या हाती ‘वीअर्ड’ म्हणजे गूढ, विचित्र झाला. आपल्याकडेही ‘झालेले’ एवढाच अर्थ असलेला ‘भूत’ शब्द एकीकडे भूतकाळ झाला आणि दुसरीकडे पिंपळावर जाऊन बसला. होऊन गेलेले जेव्हा कारणाविना, मालकाविना समोर उभे राहते, तेव्हा माणूस भितो आणि भीती शब्दाचा अर्थ बदलते. पण नाटकात एक गोष्ट शाबूत आहे. त्या बायांनी सांगितलेले भविष्य मॅकबेथनेही ऐकले आणि शेजारी उभ्या असलेल्या बँकोनेही. त्यालाही वंशजांच्या राज्याचे आमिष मिळाले होते. खंजीर एकानेच उचलला.

आपल्या विचारपरंपरेत कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग केले जातात, आणि त्यांतले क्रियमाण आपल्या हातात आहे असे सांगितले जाते. तरी व्यवहारात आपण प्रारब्धाचा हिशेब क्रियमाणाच्या वहीत मांडतो. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आळशाच्या थट्टेसाठी जन्मली, पण तिचा गंभीर वापर दुसऱ्यांच्या बाबतीत झाला. विधवेला, अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला, कर्जात बुडालेल्या कुळाला ‘तुझे नशीब’ म्हणून सांगणारे भूतकाळाविषयी बोलत नव्हते. ते त्यांचा उद्याही बंद करत होते. येथे ‘व्युर्द’चा उणेपणाच उपयोगी पडतो. त्यात कुणाचा दोष लिहिलेला नाही, कुणाचे पाप मोजलेले नाही. घडले, एवढेच तो म्हणतो, आणि शोक करणाऱ्याला तेवढे पुरते. आपल्यावर आलेली आपत्ती पार पडल्यावर तिला दैव म्हणावे. त्यात सांत्वन आहे आणि तो अधिकार सोसणाऱ्याचा आहे. येणाऱ्या दिवसाला आणि दुसऱ्याच्या दुःखाला मात्र तो शब्द लावू नये.